तंजावरचा बेत

आमच्या घरात पाठकोऱ्या कागदांना मान आहे. हे पॉवर हाऊसमधून निवृत्त झाले तेव्हा रद्दीत निघालेल्या जुन्या तक्त्यांची एक चवड घरी आली. एका बाजूला रकाने, आकडे, कुणाकुणाच्या आखूड सह्या. दुसरी बाजू स्वच्छ कोरी. त्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी होते, गणपतीत कुणाकडे किती मोदक पाठवायचे ते ठरतं, आणि आषाढात बाहेर पडणं बंद झालं की प्रवासांचे बेत होतात. बहुतेक बेत कागदावरच राहतात, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. यंदा मी एका कागदाच्या डोक्यावर लिहिलं, ‘तंजावर’, आणि खाली दोन रेघा ओढल्या. ह्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, “आणि तिथून पुढे?”

पुढे काही नाही, हेच तर सांगायचं होतं. आमच्या पोफळी गावातली माणसं दक्षिणेत जातात, नाही असं नाही. तिरुपतीला जातात, रामेश्वरला जातात, कन्याकुमारीला सूर्योदय बघून येतात. या वाटेत तंजावर ‘जाता जाता’ लागतं. बस थांबते, देवळासमोर फोटो होतो, नंदी केवढा होता हे हात पसरून पुढची कितीतरी वर्षं सांगितलं जातं, आणि बस मदुरैला लागते. मला तंजावरला मुक्कामाला जायचं आहे. मोजकेच दिवस, पण तेवढे सगळे तिथेच. सकाळी देऊळ, दुपारी पानावर जेवण, मग झोप, संध्याकाळी पुन्हा तेच देऊळ. ह्यांच्या मते याला सहल म्हणत नाहीत, माहेरपण म्हणतात.

आषाढात पोफळीत बसून लांबच्या कोरड्या गावांची नावं काढावीत, ती फार गोड लागतात. कौलांवर पाऊस, पन्हळीत पाऊस, मागच्या पोफळींच्या झावळ्यांवर पाऊस, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा. कुंभार्ली घाट दुपारीच ढगात जातो. पापड मऊ पडतात, काडेपेटी ओढली तर नुसती खरवडते. एखादं झाड तारेवर पडलं की वीज जाते, आणि साऱ्या महाराष्ट्राला वीज देणाऱ्या गावात अंधार कसा, हा विनोद पाहुण्यांनी केलाच पाहिजे असा बहुधा नियम आहे. आम्ही दर वेळी हसतो.

तंजावर डोक्यात कसं आलं, तर आमसुलांच्या बरणीतून. मे महिन्यात रातांबे फोडायचे, सालं त्यांच्याच रसात मीठ घालून भिजवायची, उन्हात टाकायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. पहिला पाऊस यायच्या आत ती काळीभोर होऊन बरणीत गेली पाहिजेत, ही दर वर्षीची घाई. एका वर्षी शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आलेल्या तमिळ बाईंना मी पुरचुंडीभर आमसुलं दिली. त्यांनी हुंगून पाहिली, एक जिभेवर ठेवलं, आणि तोडक्या हिंदीत मला सांबाराची गोष्ट सांगितली. ती मी आधी कधी ऐकली नव्हती.

तंजावरच्या गादीवर भोसल्यांपैकी दुसरे बसले ते एकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे, १६८४ ते १७१२. त्यांच्या मुदपाकखान्यात आमटी व्हायची आणि तिच्यात आमसूल पडायचं. एक दिवस आमसुलं संपली. मुलुखाकडून यायची ती आलीच नाहीत. कुणी तरी धीर करून चिंचेचा कोळ घातला, तुरीच्या डाळीत तिकडच्या भाज्या पडल्या, आणि पंगतीला संभाजीराजे होते म्हणून त्या कालवणाला सांबार म्हणायला लागले. या गोष्टीला अस्सल कागदाचा आधार नाही. संभाजीराजे तंजावरच्या पंगतीला कधी बसले, हे विचारायला गेलं तर गोष्ट तिथेच लंगडी पडते. पण मला त्यात दुसरंच काही लागलं. देशावरच्या घरात आमटीला चिंचगूळच असतो. तिथल्या कुणाला चिंच ही तडजोड वाटायचं कारण नाही. चिंच घालावी लागली म्हणून हळहळेल तो माणूस आमच्या बाजूचा. म्हणजे गोष्ट खोटी असली तरी ती कोकणातल्या जिभेने रचलेली खोटी गोष्ट आहे.

आणि मग बाईमाणसाच्या मनात येतो तो प्रश्न. आमसुलं संपलीच कशी? नीट वाळवलेलं आमसूल वर्षानुवर्षं टिकतं. राजवाड्याच्या कोठीवर कोण होतं? किती मणांचा साठा असायचा? शेवटची बरणी उघडताना कुणाच्याच लक्षात आलं नाही का? माझ्या सासूबाई कोठीवर असत्या तर भारताच्या स्वयंपाकाचा इतिहास वेगळा झाला असता, एवढं मी खात्रीने सांगते.

आमसुलं इकडून खरंच जात असतील तर कुठल्या वाटेने जात असतील, याचा विचार मी बरेच दिवस केला. दाभोळ-चिपळूणचा माल घाटावर चढायची जुनी वाट म्हणजे हाच कुंभार्ली घाट. बैलांच्या पाठीवर मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी. त्यांतच कुठेतरी एका गोणीत आमसुलं. वर पाटण, मग कराड. कराडनंतरचा रस्ता मला दिसेनासा होतो.

जायचं कसं, यावर घरात तीन मतं आहेत. पुण्याहून लेकीने फोनवर तासातासाचं वेळापत्रक पाठवलं आहे. पुण्याहून विमानाने चेन्नई, तिथून दुसऱ्या विमानाने तिरुचिरापल्ली, मग तासा-दीड तासाचा रस्ता, जेवायच्या वेळेला तंजावर. तिच्या कागदावर ‘फ्रेश होणे’ यालाही अर्धा तास राखून ठेवलेला आहे. ह्यांचं म्हणणं, चिपळूणला कोकण रेल्वेत बसावं, समुद्राच्या कडेकडेने केरळात उतरावं आणि पालघाटाच्या खिंडीतून पलीकडे जावं. त्यात बोगदे पुष्कळ आहेत आणि ह्यांना बोगदे आवडतात. माझं मत, घाट चढून कराडला जावं आणि मिरज, बेळगाव, हुबळी, बंगळूर असं जमिनीवरून, हळूहळू जावं. याचं कारण सांगितलं तेव्हा हे हसले, पण नंतर बराच वेळ गप्प होते.

कारण पाण्याचं आहे. कोयना ही मूळची पूर्वेची नदी. महाबळेश्वरला उगम पावते, डोंगराच्या पलीकडून दक्षिणेला येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत मिळते. मग कृष्णेबरोबर कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात जाते. पिढ्यान् पिढ्या ती तशी गेली. मग धरण झालं, सह्याद्रीला आरपार बोगदा पडला आणि १९६२ पासून ते पाणी आमच्या बाजूला उडी घ्यायला लागलं. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून, डोंगराच्या पोटातल्या जनित्रांवर. तिथून कोळकेवाडीच्या तलावात, अलोऱ्याला पुन्हा एकदा कामाला जुंपून वाशिष्ठीत, चिपळुणावरून दाभोळच्या खाडीत आणि अरबी समुद्रात. असं किती पाणी पश्चिमेला वळवायचं, यालाही कृष्णा लवादाची मर्यादा आहे: वर्षाला ६७.५ टीएमसी. हा आकडा ह्यांना मुलीच्या जन्मतारखेइतका पाठ आहे. उन्हाळ्यात कोटा संपत आला की पॉवर हाऊसमधल्या घरांत त्याची चर्चा भाजीच्या भावासारखी चालायची.

आम्ही असे वळवलेल्या पाण्यावर जगणारे लोक. भोसले मात्र पाण्याच्या मूळ वाटेने गेले. थोरले शहाजीराजे, शिवाजी महाराजांचे वडील, १६३८नंतर बंगळूरच्या जहागिरीवर गेले. त्यांचे धाकटे पुत्र एकोजी, म्हणजे व्यंकोजी, १६७५च्या सुमारास विजापूरच्या हुकमाने तंजावरवर गेले आणि तिथेच राहिले. एकोजींची आई तुकाबाई मोहित्यांची, आणि तळबीडचे मोहिते म्हणजे कराडच्या अंगणातले. वन्सं कराडला दिलेल्या, त्यामुळे तुकाबाईंबद्दल त्या घरच्या माणसासारखं बोलतात. इतिहासात त्यांना फार कुणी विचारलं नाही, याचा राग वन्संना आहे. “सवतीची म्हणून,” असं त्या एका शब्दात प्रकरण मिटवतात.

१६७७ साली थोरले बंधू भेटायला आले. कावेरीची शाखा कोल्लिडम, तिच्या काठी तिरुमळवाडी. तिथे शिवाजी महाराज आणि एकोजी काही दिवस एकत्र होते. वडिलांच्या दौलतीतल्या अर्ध्या वाट्याचा विषय निघाला आणि एका रात्री एकोजी कुणालाही न सांगता नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. जमिनीच्या वाटणीवरून भाऊ रात्रीतून उठून जाणं, यात कोकणातल्या माणसाला समजावून सांगण्यासारखं काही नाही. पुढे लढाई झाली, पुढे समेटही झाला. समेटात एकोजींच्या राणी दीपाबाईंचा हात होता असं म्हणतात, आणि तह झाला तेव्हा त्यांच्यासाठी चोळीबांगडीचा वेगळा मुलूख लावून दिला गेला. उदास होऊन बसलेल्या धाकट्या भावाला महाराजांनी पत्र लिहून कामाला लागायला सांगितलं. ते पत्र मला सगळ्या लढायांपेक्षा जवळचं वाटतं. मी तंजावरला जाणार ते बहुतेक या भांडणाच्या आणि मिटण्याच्या ओढीने. एखाद्या घराण्यातली शाखा दूर जाते, तिचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही, आणि एक दिवस आपण उगाच पत्ता शोधत निघतो.

कधी जायचं हे ठरवायला मात्र वाद झाला नाही, कारण कोकणातलं वर्ष आधीच भरलेलं असतं. पावसाळ्यात घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही. श्रावण-भाद्रपदात घर सोडायची बात नको. मग भातकापणी. आणि आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तो परतीचा, समुद्राकडून येणारा पाऊस कावेरीच्या खोऱ्यात पडतो. फाल्गुनात शिमगा, पालखी घरी येणार. चैत्र-वैशाखात आंबा, काजू, रातांबे. आणि तिकडे तेव्हा ऊन असं की देवळाच्या फरसबंदीवर अनवाणी पाय टेकवत नाही. उरला पौष. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे कुणाच्या आहेराचं निमित्त आडवं येत नाही. शिवाय पौष वद्य पंचमीला तंजावरपासून दहाबारा किलोमीटरवर तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना असते. कावेरीच्या काठी, त्यांच्या समाधीपाशी शेकडो गाणारे आणि वाजवणारे एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. त्या समाधीवर मंदिर उभारलं ते बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने, १९२०च्या दशकात, पदरच्या पैशाने. आणि ज्या उत्सवात बायकांना गायला मज्जाव होता तिथे तिने बायकांची वेगळी आराधना सुरू केली. आज ओळीने बसून गाणाऱ्या बायका बघताना हे ठाऊक असलेलं बरं.

त्यागराजांना तंजावरच्या दरबाराने बोलावलं आणि त्यांनी नकार दिला, अशी एक गोष्ट सगळे सांगतात. तो दरबार म्हणजे भोसल्यांच्याच दुसऱ्या सरफोजीराजांचा. म्हणजे आमच्याच माणसाला नकार दिला. मला त्यात अपमान वाटत नाही, उलट बरं वाटतं. ज्याला नाही म्हणावंसं वाटावं असा दरबार तरी तो होता.

दुसऱ्या सरफोजींबद्दल मी जे वाचलं ते हळूहळू, रात्री, तुकड्यातुकड्याने. १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, राजवाडा आणि भरपूर वेळ उरला. या रिकाम्या वेळाचं माणसाने काय केलं हे बघायला तरी तिथे जायला हवं. सरस्वती महाल हे नायक राजांच्या वेळेपासूनचं ग्रंथालय त्यांनी वाढवलं. ताडपत्रं, कागदी पोथ्या, युरोपातून मागवलेली पुस्तकं, माणसांचे आणि जनावरांचे चेहरे शेजारीशेजारी काढलेली फ्रेंच चित्रं, मोडीतल्या दफ्तरांची गाठोडी. धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसह टिपणं ठेवली. राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि तिथून १८०६ साली इसापाच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या, ‘बालबोध मुक्तावलि’ या नावाने. कावेरीच्या काठी बसलेलं कोणतं मूल ते पुस्तक वाचत असेल? कोल्हा आणि द्राक्षं त्याला मराठीतून कळली, आणि आईशी तो कदाचित तमिळमध्ये बोलला असेल.

पण आधी देऊळ. राजराज चोळाने ते बांधून पुरं केलं १०१० साली. विमान साठ मीटरहून उंच, आणि सगळं ग्रॅनाइटचं. भोवतीचा मुलूख मात्र नुसता गाळाचा. खणलं तर माती, आणखी खणलं तर माती. असा दगड जवळपास नाही, तो लांबून आणला. आम्हा जांभ्या दगडाच्या लोकांना हे अजब वाटतं. इथे दगड आहे म्हणून घर बांधतात, तिथे दगड नाही तरी देऊळ बांधलं. दुपारी त्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. ती पडते. पण त्याला तसं सांगू नये, तो मनापासून सांगत असतो.

मला तिथे बघायची आहे ती एक भिंत. १८०३ साली सरफोजींनी त्या चोळांच्या देवळाच्या भिंतीवर आपल्या घराण्याची कथा मराठीत कोरून घेतली, भोसले वंशाचं चरित्र. तमिळ शिलालेखांनी भरलेल्या देवळात देवनागरीच्या रांगाच्या रांगा. कारभार हातातून जाऊन चारच वर्षं झाली होती. कागद कंपनीच्या हाती गेले होते, कागदावरचं काहीही कुणी बदललं असतं. दगडावरचं बदलायला कष्ट पडतात. तो मजकूर माझ्यासारख्या बाईला उभ्याउभ्या वाचता येतो का, हे मला पाहायचं आहे. हे विचारतात, अख्खी भिंत वाचणार का. वाचीन. सकाळी लवकर जाऊ, ऊन चढायच्या आत जेवढी होईल तेवढी. दुपारी गाभारा बंद होतो, तेव्हा जेवायला.

जेवणाचा कागद वेगळा आहे आणि तो सगळ्यात जास्त खोडाखोडीचा आहे. लेकीने हॉटेलांची नावं आणि त्यांना मिळालेले तारे लिहून पाठवले होते. ते मी बाजूला ठेवले. पानावरचं जेवण कुठेही चांगलं मिळेल. डाव्या हाताला केळीच्या पानाचं टोक, भाताचा डोंगर, सांबार, रसम, मोर म्हणजे ताक, आणि वाढप्याने विचारायच्या आत आपण हात आडवा करायचा, नाहीतर दुसरा डोंगर येतो. कॉफीसाठी कुंभकोणमपर्यंत जायचं, चाळीस किलोमीटर, पितळी पेल्यातली डिग्री कॉफी. आणि इडलीबरोबर तिथला कडप्पा, मूगडाळ-बटाट्याचा पातळसर रस्सा. तिरुवैयारूला अशोका हलवा. मुगाच्या डाळीचा, तुपाने हाताला चिकटणारा. ह्यांची साखर वाढलेली आहे, म्हणून तो फक्त माझ्या कागदावर आहे.

मला खरं जे खायचं ते हॉटेलात मिळत नाही. रसवांगी. पिटलै. डांगर पचडी, उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आमच्याकडे उन्हाळ्यात ताकातलं डांगर होतं ते हेच की, फक्त इथे कांदा जास्त आणि हात सैल. या गोष्टी तमिळ घरांत सणावाराला, नाहीतर सहज कधीतरी होतात, आणि त्या कुठून आल्या हे करणाऱ्यांना माहीत असतंच असं नाही. माहीत असायची गरजही नाही. आमच्या घरी इडलीचं पीठ भिजतं तेव्हा कुठे आम्ही कुणाची आठवण काढतो? तंजावरच्या स्वयंपाकाला कागदांची मात्र उणीव नाही. रघुनाथ नवहस्त नावाचे एक पंडित दीपाबाईंच्या आश्रयाने तिकडे होते. त्यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, धान्यं, भाज्या, पक्वान्नं आणि त्यांचे गुणदोष सांगणारा. जिलबी त्यात कुंडलिका या नावाने आहे. एखाद्या राजघराण्याने आपली वंशावळ भिंतीवर कोरावी आणि आपलं जेवण पोथीत उतरवावं, यातलं दुसरं जास्त टिकलं असं मला वाटतं. वंशावळ बघायला तिकडे जावं लागतं. जेवण आपल्या घरापर्यंत आलं.

मग असं घर शोधायचं का? तंजावर, कुंभकोणम, चेन्नई या भागात अजून मराठी बोलणारी घरं आहेत; तिकडे गेलेल्यांच्या आठव्या, दहाव्या पिढ्या. त्यांची मराठी जुनी आणि तमिळच्या चालीवर डुलणारी असते. लेक म्हणाली, आई, अशी कुणाची तरी ओळख काढू, जेवायला जाऊ. मला ते रुचलं नाही. कुणाच्या दारात जाऊन ‘तुमची मराठी किती गोड हो’ म्हणायचं आणि त्यांनी आपल्याला पुरणपोळी करून घालायची, हे बरं दिसत नाही. ते काही आपल्यासाठी जपून ठेवलेले नाहीत. ते तिथले आहेत. आपण पाहुणे, तेही न बोलावलेले.

एके काळी असल्या न बोलावलेल्या पाहुण्यांची सोय तिकडे फार चांगली होती. काशीची गंगा रामेश्वराला न्यायची, तर सेतूच्या वाटेवर तंजावरच्या राजांची छत्रं लागायची, म्हणजे अन्नछत्रं. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्रम आजही उभं आहे. सरफोजींना जी प्रिय होती त्या मुक्तांबाळच्या नावाचं. राज्य कंपनीकडे गेलं तेव्हा ही छत्रं तरी आमच्याकडे राहू द्या म्हणून सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं. कोण कोण तिथे जेवतं हे त्यात सांगितलं आहे. शिजवलेलं ज्यांना चालत नाही त्यांना कोरडा शिधा आणि भांडी; आजारी पडेल त्याला औषध आणि वैद्य; बाळंतिणीची सोय; तान्ह्या मुलांना दूध. राज्य गेल्याबद्दलची तक्रार एका बाजूला आणि वाटसरूच्या पानाची काळजी एका बाजूला. आमच्या कोकणातूनही कितीजण त्या वाटेने चालत गेले असतील, तिथल्या ओसरीवर टेकले असतील, आणि पानावर आंबट काय वाढलंय म्हणून बोट बुडवून चाखून पाहिलं असेल. त्यांच्या गाठोड्यात आमसुलं असणारच. कोकणातला माणूस आमसुलाशिवाय लांबच्या वाटेला लागत नाही, पित्त उठलं तर करायचं काय?

म्हणून बरोबर न्यायच्या यादीत मी आमसुलं लिहिली आहेत. किलोभर. ह्यांनी विचारलं, “कुणाला द्यायची?” ते ठरलेलं नाही. ज्या खानावळीत सांबार आवडेल तिथल्या आचाऱ्याला द्यावीत असं मनात आहे. तो घेईल का, घेतली तर कशात घालील, की दुसऱ्या दिवशी केराच्या टोपलीत जातील, काही सांगता येत नाही. वन्संना त्यांची वाट वेगळीच दिसते. त्यांना डुलणाऱ्या मानेच्या बाहुल्या आणायच्या आहेत आणि एक वीणा बघायची आहे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते हे ऐकल्यापासून त्या परसातल्या वठलेल्या फणसाकडे निराळ्या नजरेने बघतात.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे दिवाळीपर्यंत काहीच पक्कं करता येत नाही, आणि पेन्सिल चालूच आहे. ह्यांनी काल हळूच कागदाच्या समासात लिहिलं: कल्लणै. करिकाल चोळाने कावेरीवर घातलेला बांध, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा, तंजावरपासून तासाभरावर, अजून कामात. जन्मभर पाणी वळवण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाला तिथे जाऊ नको म्हणणं कठीण आहे. पण त्यात माझी एक सकाळ जाते, म्हणजे निम्मी भिंत जाते. मी ते खोडलं. त्यांनी संध्याकाळी खाली पुन्हा लिहिलं आणि शेजारी आणखी एक नाव घातलं, गंगैकोंडचोळपुरम. राजराजाचा मुलगा राजेंद्र थेट गंगेचं पाणी आणवून तिथे राजधानी करून राहिला, तिथे एवढा मोठा तलाव केला, हे मला जेवताना दोनदा सांगून झालं आहे. तंजावरहून सत्तर किलोमीटर. जाऊन येऊन एक दिवस.

मी अजून हो म्हटलेलं नाही. अशोका हलव्यावर तडजोड होऊ शकेल.